बर्फ नको, साधं पाणी

९ डिसेंबर

दादा,

'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं, हात चालला नाही. म्हणून नुसतंच दादा.

फोन तू उचलत नाहीस. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं.

बारक्याच्या उजव्या हाताची दोन बोटं काल कापली. तर्जनीचं टोक गेलं, मधलं बोट दुसऱ्या पेरापासून गेलं. तू डॉक्टर आहेस, तुला एवढं पुरे: काळी पडली होती. जखम ऑक्टोबरपासून होती. कुठे तरी खरचटलं आणि भरलंच नाही. भरायला तिथे रक्त पोचावं लागतं.

शस्त्रक्रियेआधी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, "काम काय करता?"

"ओतकामाच्या कारखान्यात आहे. साच्यातून निघालेल्या लोखंडाच्या कडा घासायच्या. घासायचं यंत्र हातात धरायचं असतं, जड असतं आणि थरथरतं. अठरा वर्षं झाली."

"अठरा वर्षं? आणि बोटं पांढरी पडतात हे कुणी पाहिलंच नाही?"

"पाहिलं की," हा म्हणाला. "आमचा मोठा भाऊच तिथला डॉक्टर आहे."

कौतुकाने म्हणाला रे. दोन्ही बोटं जायची होती, सुईला घाबरून घाम फुटला होता, आणि भावाची ओळख सांगताना मान ताठ. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा तक्ता वाचत उभी राहिले.

कंपनीतल्या त्याच्या तपासणीच्या कागदावर तू काय लिहिलं होतंस ते मला पाठ आहे. 'धूम्रपानाची सवय. कामाशी संबंध नाही. कामास योग्य.' दिवसाला दोन सिगारेटी ओढायचा. तू सांगितलंस म्हणून महिन्याभरात सोडल्या. बोटं सोडून बाकी सगळं सुधारलं.

त्याच्या खात्यातला तो पेपर वाचणारा, ज्याला सगळे मास्तर म्हणतात, त्याने सरकारकडे तक्रार केली आहे. जानेवारीत चौकशी आहे. मला साक्षीला बोलावलंय आणि मी जाणार आहे. नंतर 'पाठीत सुरा खुपसलास' म्हणू नकोस. समोरून सांगते आहे.

आईला बोटांचं अजून सांगू नकोस. ती तुझ्या घरी आहे, तुलाच सांभाळायचंय.

तुझी बहीण


१७ डिसेंबर

दादा,

वहिनींचा फोन आला होता. बिचाऱ्या आधी हवापाण्याचं बोलल्या. मग म्हणाल्या, "अहो ताई, ते म्हणतात की बाटल्या धुणाऱ्या बाईने वैद्यकी शिकवू नये. मी फक्त निरोप देतेय हं."

निरोप पोचला. बाटल्या धुते हे खरं आहे. वैद्यकीय कॉलेजच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं धुतेय. पण त्या बावीस वर्षांत एक प्रयोग मी दरसाल मांडलाय, आणि तूही विद्यार्थी असताना तो केला असशील. विसरला असशील तर आठवण करून देते.

पोराच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधायचा, फुगवायचा, तीन मिनिटं रक्त अडवायचं. हात पांढरा पडतो, मुंग्या येतात, पोरगं तोंड वाकडं करतं. मग पट्टा सोडायचा. बघता बघता हात लाल होतो, आधी होता त्याहून लाल. जितका वेळ उपाशी ठेवाल तितकं रक्त धावून येतं. दर वर्षी कुणी तरी विचारतं, "हाताला रक्त हवंय हे हृदयाला कळवलं कुणी?" आमच्या विभागाच्या मॅडम म्हणतात, "कुणीच नाही." हृदय नुसतं ढकलतं. कुणाला किती मिळायचं ते पार टोकाला ठरतं, केसाहून बारीक धमन्यांमध्ये. त्यांच्या भिंतीत स्नायूंची कडी असते. आजूबाजूचं मांस राबलं, प्राणवायू संपला, आम्ल साठलं, की तेच त्या कडीला सैल करतं. वाट रुंद होते. जो राबतो त्याच्या दारी रक्त जास्त जातं, वरून हुकूम यावा लागत नाही.

थंडीत बोटांतल्या या वाहिन्या आवळतात, ते तुझंमाझंही होतं. ऊब मिळाली की सुटतात. पण वर्षानुवर्षं हादरे खाऊन त्यांचं आतलं अस्तर आणि तिथल्या नसा बिघडल्या, की आवळणं तेवढं राहतं, सुटणं राहत नाही. हे मी नाही म्हणत. तुझ्या कपाटातल्या जाड पुस्तकात आहे. पान हवं तर कळवते.

येत्या जानेवारीत तीन वर्षं होतील, बारक्या एका सकाळी माझ्याकडे आला होता. रात्रपाळीहून परस्पर. म्हणाला, "ताई, गंमत बघ," आणि हातमोजा काढला. चार बोटं मेणबत्तीसारखी. मधल्या बोटावर मी नख दाबलं तर म्हणाला, "दाबतेस का? मला काही कळत नाहीये." आणि हसला. त्याच्या मुलीला तो ती बोटं दाखवून भुताच्या गोष्टी सांगायचा.

मी त्याला प्रयोगशाळेत नेलं. मॅडमची परवानगी घेतली. खोली थंड ठेवली. बर्फ घालून पंधरा अंशांचं पाणी केलं, पाच मिनिटं हात बुडवला, मग कोरडा करून प्रत्येक बोटाला तापमान मोजायची तार चिकटवली. माझी बोटं नवव्या मिनिटाला पूर्ववत झाली. त्याचं मधलं बोट पाऊण तासानंतरही गार. मॅडम दोनदा येऊन तारा तपासून गेल्या. त्यांना वाटलं तार सुटलीय.

पुढच्या दोन आठवड्यांत त्याच्या खात्यातले दहा जण आले. बारक्या धरून अकरा. मास्तरही त्यात. सात जणांची बोटं वेळेत गरम झाली नाहीत. सगळं मी एका वहीत मांडलं आणि नक्कल तुला आणून दिली. तुझ्या दवाखान्यात, तुझ्या हातात. तू चष्मा कपाळावर चढवून वाचलीस आणि म्हणालास, "बरं केलंस आणलीस. आणखी कुणाला दाखवली?"

मी म्हटलं, "नाही."

"नको दाखवूस."

मूळ वही माझ्याकडे आहे. चौकशीला नेणार आहे.

तुझी बहीण


४ जानेवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं, खाली शिक्का. बहिणीला लिहिताना शिक्का मारणारा तू पहिलाच असशील.

'त्याच वर्षीच्या मे महिन्यातील चाचणीत अकराही कामगार निर्दोष आढळले. चाचणी तू केलीस. अहवालावर सही तुझी आहे. साक्ष देण्यापूर्वी विचार करावा.'

विचार केला. चार दिवस दुसरं काही केलंच नाही. मागच्या दोन पत्रांत मी मे महिन्याचं एक अक्षर लिहिलं नाही हे तू बरोबर हेरलंस. तुला माहीतच आहे ते, पण मी एकदा माझ्या हाताने लिहिते. न लिहिता फार दिवस काढले.

एप्रिलअखेर तुझा फोन आला होता. तू म्हणालास, "कंपनी म्हणते, एका चाचणीवर काही ठरत नाही. पुन्हा करू या. तुझ्याच प्रयोगशाळेत करू. माझा तुझ्यावर विश्वास आहे."

मी म्हटलं, "पुढच्या थंडीत करू. उन्हाळ्यात काय दिसणार?"

"थंडीपर्यंत कोण थांबणार? मेमध्येच उरकू. आणि हे बघ, बर्फ नको. साधं पाणी. दमूनभागून येतात माणसं, त्यांना उगाच त्रास कशाला?"

त्रास कशाला! तुझ्या बोलण्यात कामगारांची एवढी कणव मी पहिल्यांदाच ऐकली.

त्या दिवशी खोलीत चौतीस अंश होते. पाणी नळाचं, जवळजवळ कोमट. माणसं आल्याबरोबर तू त्यांना गरम चहा पाजलास, अर्धा तास बसवलंस. छताचा पंखा चालू होता, तो तू स्वतः उठून बंद केलास. उकाड्यात कुठल्या वाहिन्या आवळणार आहेत? सगळ्यांची बोटं सुरुवातीपासून गुलाबी. सातव्या-आठव्या मिनिटाला अकराच्या अकरा पास. मास्तर खूश होऊन म्हणाला, "बाई, तुमच्या हाताला गुण आहे." बारक्याने सगळ्यांना सांगितलं, "माझी ताई आहे."

मला कळत होतं, दादा. प्रयोगशाळेतल्या शिपायालासुद्धा कळलं असतं. मी पाण्याचं तापमान नोंदवलं नाही. खोलीचंही नाही. फक्त मिनिटं लिहिली आणि सही केली.

का केली? लोकांना सांगायला माझ्याकडे उत्तर आहे: बाबा गेल्यावर दादानेच आम्हाला वाढवलं, त्याला नाही कसं म्हणणार. खोटं नाही ते. पण खरं कारण त्याहून क्षुद्र आहे. जन्मभर तू मला बाटल्या धुणारी म्हणालास. पाहुण्यांसमोर, आईसमोर, स्वतःच्या मुलांसमोर. आणि त्या दिवशी पहिल्यांदा म्हणालास, 'माझा तुझ्यावर विश्वास आहे.' तेवढ्या एका वाक्याला मी भुलले. अकरा माणसांचे हात होते त्यात, आणि मी दिवसभर तुझं वाक्य मनात घोळवत बसले होते.

त्यानंतर बारक्याने अडीच वर्षं तेच यंत्र धरलं. थंडीत बोटं पांढरी झाली की म्हणायचा, "ताईने तपासलंय. नुसतं वरवरचं आहे."

मे महिन्याचंही सांगणार आहे मी. माझंही, तुझंही. पंख्यासकट.

तुझी बहीण


२३ जानेवारी

दादा,

काल चौकशीत समोरासमोर दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो, पण बोललो नाही. म्हणून हे.

मी जानेवारीची वही आणि मेच्या अहवालाची नक्कल टेबलावर ठेवली. चौकशी अधिकारी शांत माणूस दिसला. त्याने विचारलं, "जानेवारीत सात जण बाद आणि मेमध्ये सगळे निर्दोष. हे कसं?"

मी सांगितलं. बर्फ, चहा, पंखा. बोलताना आवाज इतका बारीक झाला की त्याने मला दोनदा मोठ्याने बोलायला सांगितलं.

"हे तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून केलंत?"

"कंपनीच्या डॉक्टरांच्या. माझ्या थोरल्या भावाच्या."

"काही लेखी आहे?"

"नाही. फोनवर सांगितलं."

मग तू उभा राहिलास. पांढरा शर्ट, तीच जुनी ऐट. म्हणालास, "मी प्रशासनाचा माणूस आहे. रक्ताभिसरणाच्या चाचण्या हा माझा विषय नाही. तंत्रज्ञाने दिलेल्या आकड्यांवर मी विश्वास ठेवला. त्यांची पद्धत चुकली असेल तर मला अतिशय वाईट वाटतं."

त्यांची! सख्ख्या बहिणीचा असा आदर आमच्या घराण्यात कुणी केला नसेल.

दादा, वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला याच विषयात तू पहिला आला होतास. शेजारच्यांना पेढे वाटायला मीच गेले होते. विषय तुझा नाही म्हणे.

बारक्या मागच्या बाकावर होता. हाताला पट्टी, डोक्याला टोपी. तो सबंध वेळ तुझ्याकडे पाहत होता. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. बाहेर आल्यावर मी हाक मारली, तर मास्तरच्या स्कूटरवर मागे जाऊन बसला. मास्तर मात्र निघण्याआधी मला म्हणाला, "बाई, आज बोललात ते बरं झालं." स्कूटरला किल्ली लावताना म्हणाला, "तेव्हा बोलायला हवं होतं." रागाने नाही म्हणाला. रागाने म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

तुझी बहीण


२० फेब्रुवारी

दादा,

निकाल तुलाही मिळाला असेल. हादरे कमी देणारी नवी यंत्रं आणायची, कामाच्या मध्ये विश्रांती द्यायची, सगळ्यांची चाचणी दर थंडीत बाहेरच्या डॉक्टरांकडून करायची. थंड खोलीत आणि बर्फाच्या पाण्यात, असं चक्क निकालात लिहिलंय. सातही जणांना त्या यंत्रावरून काढून दुसरं काम द्यायचं. तुझ्याबद्दल 'निष्काळजीपणा' एवढाच शब्द. माझ्याबद्दल 'जाणूनबुजून सदोष चाचणी'. निष्काळजी माणसाला लवकर निवृत्ती मिळाली, जाणूनबुजूनवालीला प्रयोगशाळेतून काढून सामानाच्या खोलीत बसवलं. मॅडमनी खूप रदबदली केली, नाही तर घरीच बसले असते. माझी तक्रार नाही. मी जाणूनबुजूनच केलं होतं.

निकालासाठी नाही लिहीत आहे. बारक्यासाठी लिहिते आहे.

परवा मी त्याच्या घरी गेले. त्याने दार उघडलं, आत घेतलं, पाणीसुद्धा दिलं. डाव्या हाताने. मी म्हटलं, "माझ्यावर राग आहे ना?"

"आहे."

"आणि दादावर?"

"दादावर कशाला?" तो म्हणाला. "दादाला कळलं नाही. त्याचा तो विषयच नव्हता, तिथे सांगितलं ना त्याने. तुला कळत होतं. जानेवारीत तू मला तासभर बसवलंस, तारा लावल्यास, तेव्हाच तुला कळलं होतं. आणि मेमध्ये माझ्याकडे बघून हसलीस."

"अरे, दादानेच सांगितलं मला."

"ताई," तो म्हणाला, "बोटं गेली माझी, डोकं नाही. आता त्याच्यावर ढकलू नकोस."

दर रविवारी तो तुझ्याकडे जेवायला येतो हे मला त्याच्या मुलीकडून कळलं. आई त्याला भरवते म्हणे. तू समोर बसलेला असतोस. घास कसा उतरतो रे तुझ्या घशाखाली?

माझ्याकडे कागद नाही, साक्षीदार नाही. त्या दिवशीच्या फोनवर तू होतास आणि मी होते. मी सांगितलं तर ढकलते आहे असं होतं. सांगायचं तर तूच सांगायला हवंस. सरकारला नको, कंपनीला नको. त्या एकट्याला सांग. निकाल बदलणार नाही, निवृत्ती बदलणार नाही. तुझं फक्त एकच जाईल: तो रविवारी यायचा थांबेल. माझ्याकडे तर तो आधीच येत नाही.

मागण्याचा हक्क मला उरला आहे का, माहीत नाही. तरी मागते आहे.

तुझी बहीण


११ मार्च

दादा,

बारक्या काल येऊन गेला. मी सामानाच्या खोलीत काचेच्या नळ्या मोजत होते. तो दाराशी उभा राहिला, आत आला नाही. म्हणाला, "मी दादाला विचारलं."

मी नळी खाली ठेवली.

"रविवारी जेवण झाल्यावर विचारलं. म्हटलं, दादा, मेमध्ये पंखा तू का बंद केला होतास? आम्हाला तर घामाच्या धारा लागल्या होत्या. तो चष्मा पुसत बसला. किती वेळ पुसत होता! वहिनी भांडी उचलायची थांबली. मग म्हणाला, मला माहीत होतं. बर्फ नको, असं ताईला मीच सांगितलं होतं."

"मग?"

"मग काही नाही. आई तिथेच बसली होती. तिने फक्त एवढंच विचारलं, याची बोटं जातील हे माहीत होतं का तुला? दादा म्हणाला, इतकं होईल असं वाटलं नव्हतं. आई उठून आत गेली."

माझं पत्र वाचून तुला लागलं म्हणून सांगितलंस, की त्याने पंख्याचं विचारलं म्हणून सांगितलंस, हे मी विचारणार नाही. सांगितलंस. आपल्या आयुष्यात तू केलेल्या गोष्टींपैकी ही एक मी तुझ्या बाजूला धरते. दुसरी शोधायला मला वेळ लागेल.

मला वाटलं होतं, खरं कळल्यावर त्याचा माझ्यावरचा राग थोडा तरी कमी होईल. राग दोघांत वाटला जाईल, अशी माझी बाळबोध समजूत होती. तसं काही होत नाही. त्याच्याकडे दोघांपुरता राग आहे आणि कुणाच्याच वाटणीला कमी येणार नाही.

"आता मी तुझ्याकडे येणार नाही आणि त्याच्याकडेही जाणार नाही," तो म्हणाला. "पोरीला यायचं तर येऊ दे. तिला मी अडवणार नाही. मला नवीन काम मिळालंय, फाटकावर. येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं लिहायची. डाव्या हाताने शिकतोय."

"येतं का लिहायला?"

"कोंबडीचे पाय. पण वाचता येतं." थोडा हसला, मग हसला हे त्याच्या लक्षात आलं आणि थांबला. "एक काम आहे. तेवढ्यासाठी आलोय. आईला मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय. दर वेळी मीच नेतो. आता उरलेल्या बोटांनी गाडीचं दारसुद्धा धड उघडता येत नाही, आणि तिला जिना चढताना धरायला लागतं. मी धरलं तर तिला कळतं की माझी पकड नाही. ती मुद्दाम स्वतःच कठडा धरते, आणि मग मला तिच्याकडे बघवत नाही. तुम्ही दोघांनी न्या."

"दोघांनी?"

"एका बाजूने एक, दुसऱ्या बाजूने एक. जिना अरुंद नाही."

एवढं बोलून तो गेला.

डॉक्टरांची वेळ अकराची आहे. मी साडेदहाला तुझ्या दाराशी येईन. वर येणार नाही. आईला शाल दे आणि तिचा जुना चष्मा बरोबर घे, ते मागतात.

बहीण